नक्षी शाबूत, रबर म्हातारे

टायरच्या बाजूवर, कंपनीच्या नावापासून थोड्या अंतरावर, एका लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. तिथे २३१९ असे दिसले, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात साच्यातून बाहेर पडला असे समजावे. चारऐवजी तीनच आकडे दिसले, तर तो टायर गेल्या शतकातला. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये कापडाखाली जपून ठेवलेल्या फियाट, पद्मिनी, हेराल्ड आणि सुरुवातीच्या मारुती ८०० यांच्या मालकांना गाडीचा इंजिन नंबर तोंडपाठ असतो, मूळ रंग कोणता होता हे ठाऊक असते, दिव्याची काच कुठल्या सालची हेही ते सांगू शकतात. हे चार आकडे मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी वाचलेले असतात. छोटी जुनी गाडी पावसात घसरली की खापर फुटते तिच्या वयावर, हलक्या वजनावर, अरुंद चाकांवर. हे आरोप बहुतांशी चुकीच्या जागी आहेत, असे माझे म्हणणे आहे. पावसात जुन्या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू तिचे म्हातारे रबर आहे, आणि रबराचे म्हातारपण नक्षीवरून कळत नाही. म्हणून अशा गाडीचे टायर झिजण्याची वाट न पाहता तारीख बघून बदलायला हवेत. हा नियम मालकांनी मानावा, हौशी क्लबांनी मानावा, आणि सरकारनेही मानावा.

आधी गाडी आणि रस्ता एकमेकांना कुठे भेटतात ते पाहू. १९६४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे, रिकाम्या गाडीचे वजन ९०० किलोच्या आसपास, आणि टायर ५.२०-१४ मापाचे, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच रुंद. एका चाकावर साधारण सव्वादोनशे किलो भार येतो. टायरमध्ये २४ पौंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलो दाब होतो. भागाकार केला की जमिनीला टेकणारा रबराचा तुकडा निघतो १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. अख्खी गाडी, तिच्यातली माणसे, तिचा वेग, तिची वळणे, सगळे काही चार पोस्टकार्डांवर तोललेले असते. या पोस्टकार्डांना दोन कामे एकाच वेळी पूर्ण ताकदीने करता येत नाहीत. वळणात ब्रेक दाबला, तर वळण्यासाठी लागणाऱ्या पकडीतून ब्रेकला वाटा द्यावा लागतो. कोरड्या रस्त्यावर शिल्लक भरपूर असते, त्यामुळे ही वाटणी जाणवत नाही. पाऊस पडला की मूळ भांडवलच घटते.

ते का घटते हे समजल्याशिवाय वयाचा मुद्दा पटणार नाही. रबराची रस्त्यावरची पकड मुख्यतः दोन वाटांनी येते. पहिली वाट चिकटण्याची: रबर आणि दगड अगदी जवळ आले की त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना धरतात. दुसरी वाट दबण्याची. डांबरातल्या खडीची बारीक टोके रबरात रुततात, रबर त्यांच्याभोवती दबते आणि पुन्हा उसळते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. काही उष्णतेच्या रूपात आतल्या आत जिरते, आणि हे जिरणेच गाडीला रोखून धरते. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि पहिली वाट बरीचशी बंद होते. मग भिस्त दुसरीवर. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड टेबर यांनी १९५०च्या दशकात हे उलगडून दाखवले, आणि पुढे टायर कंपन्या ऊर्जा जास्त जिरवणारे रबर मुद्दाम बनवू लागल्या. पावसात गाडी धरून ठेवते ती रबराची खडीभोवती बसण्याची तयारी. कडक झालेले रबर त्या टोकांवर नुसते टेकते आणि पुढे सरकते. कोरड्यात ही उणीव बरीच झाकली जाते, म्हणून मे महिन्यात मालकाला गाडी उत्तम चालते असे वाटते. मग मृगाची पहिली सर येते. सहा-आठ महिन्यांची धूळ, सांडलेले तेल आणि झिजलेल्या टायरांचा भुगा यांचा रस्त्यावर लेप तयार होतो, आणि ती उणीव उघडी पडते. जिथे मुळात रुतायला टोकेच नाहीत, अशा जागी ती आणखी उघडी पडते: झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलांचे सांधे, घासून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक. मुंबईत अशा जागा चुकवून गाडी चालवणे शक्य नाही.

आता रबर कडक कसे होते ते पाहू. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता ही चार कारणे, आणि चारही आपल्याकडे मुबलक. टायर बनवताना रबर मऊ राहावे म्हणून मिसळलेली तेले हळूहळू निघून जातात. रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणारे दुवे वाढत राहतात आणि रबर ताठ होत जाते. ही प्रक्रिया गाडी किती किलोमीटर चालली हे विचारत नाही. हौशी मालकांचा सर्वांत ठाम आक्षेप नेमका इथेच असतो. ते म्हणतात, ‘वर्षातून पाचशे किलोमीटरसुद्धा गाडी चालत नाही, खाचांची खोली नव्यासारखी आहे, मग चांगले टायर टाकायचे कशाला?’ आक्षेप मनापासूनचा आहे, पण त्यातले गृहीतकच चुकते. उभी गाडी टायरसाठी विश्रांती नसते. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून टायरच्या रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरताना रबर दबते-उसळते, त्या हालचालीने ते पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला हे संरक्षण कमी मिळते. म्हणून कमी चाललेल्या टायरच्या बाजूंवर केसासारख्या बारीक भेगा लवकर दिसतात. रोज धावणाऱ्या गाडीचे टायर चार-पाच वर्षांत झिजून आपोआप बदलले जातात, तिथे वयाचा प्रश्न फारसा येतच नाही. तो येतो लाडाने जपलेल्या गाडीत. नक्षी शाबूत असल्याने कोणाला शंका येत नाही, आणि पंधरा वर्षांचा टायर नव्याच्या थाटात चाकावर बसून राहतो.

नक्षीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तिचे काम वेगळे आहे आणि तेही पावसातच कामी येते. समजा रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे, टायरचा टेकणारा भाग दहा सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे. गुणाकार केला तर त्या एका टायरला दर सेकंदाला पाच लिटर पाणी वाटेतून हटवावे लागते. तीन सेकंदांत एक बादली. हे पाणी खाचांमधून मागे आणि बाजूला फेकले गेले नाही, तर ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग अचानक हलके होते, आणि त्या क्षणी चालकाच्या हातात काहीच उरत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या चाकांवर झालेल्या प्रयोगांतून १९६३ साली यासाठी एक साधे सूत्र पुढे आले: टायरमधल्या हवेच्या पौंडांचे वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणले, की तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचा हा अंदाज आहे, आणि पकड त्याच्या बऱ्याच आधीपासून सुटू लागते. तरीही आकडे बोलके आहेत. २४ पौंडांना हा वेग ताशी सुमारे ८२ किलोमीटर येतो. हवा कमी होत १६ पौंडांवर आली, तर तो ६७ पर्यंत उतरतो. उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ट्यूबमधली हवा हळूहळू जिरत असते. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असा एक समज गॅरेजांतून अजून ऐकू येतो. साचलेल्या पाण्याच्या बाबतीत तो सरळ धोक्याचा आहे.

याच हिशेबातून दुसऱ्या एका लोकप्रिय उपायाचे उत्तर मिळते. अरुंद टायर काढून रुंद बसवा, पकड वाढेल, असे सांगितले जाते. कोरड्या रस्त्यावर त्यात तथ्य आहे. ओल्यात रुंद टायरला अधिक पाणी हटवावे लागते. भार आणि हवा तीच ठेवली, तर टेकणारा तुकडा क्षेत्रफळाने जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याचा आकार आडवा होतो. अरुंद टायरचा तुकडा उभा असतो: पुढचा भाग पाणी फोडतो आणि मागच्या भागाला रस्ता मिळतो. हलक्या गाडीला रुंद टायर घालणे म्हणजे आधीच थोडे असलेले वजन रुंदीत पसरवणे. आकार लहान म्हणून पकड वाईट, हेही खरे नाही. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी अवघ्या दहा इंची चाकांवर उभी होती, आणि बर्फाच्या घाटांतून जाणारी माँटे कार्लो रॅली तिने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. त्या संघांचे अर्धे डोके प्रत्येक टप्प्याला कोणता टायर लावायचा यातच खर्च होत असे. पद्मिनीच्या आणि मारुतीच्या अभियंत्यांनी ठरवलेले माप बदलण्याचे कारण नाही. त्या मापात ताजे रबर घालण्याचे कारण आहे.

पकड सुटल्यावर काय होते, हे मात्र गाडीगणिक वेगळे, आणि इथे जुन्या गाडीची खरी ओळख लागते. पद्मिनीची मागची चाके गाडी ढकलतात. पावसात वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मागची बाजू बाहेर जाऊ पाहते. मारुती ८०० चे इंजिन आणि ताकद दोन्ही पुढे, मागची बाजू हलकी. वळणात घाबरून एकदम पाय उचलला की मागची चाके हलकी होऊन सरकतात. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची मागची रचना आणखी नाजूक. तिचे मागचे अर्धे ॲक्सल झुल्यासारखे हलतात, वळणात अचानक वेग कमी केला की चाके शरीराखाली दुमडल्यासारखी होतात आणि टायर कडेवर उभा राहतो. या तिन्ही स्वभावांत एक गोष्ट समान आहे: मागची पकड आधी सुटली, तर गाडी गोल फिरते, आणि फिरणारी गाडी सावरणे सामान्य चालकाच्या हातात नसते. म्हणूनच दोन नवे टायर घेऊन ते पुढे लावायचे आणि जुने मागे ढकलायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत चुकीची आहे. दोनच घेणे परवडत असेल, तर नवे मागे लावावेत. जुन्या आडव्या-तिरप्या धाग्यांचे क्रॉसप्लाय आणि नवे रेडियल यांची सरमिसळ तर याहून वाईट. रेडियलच्या नक्षीखाली घट्ट पट्टा असतो, त्यामुळे वळणातही त्याचा तळ रस्त्याला सपाट टेकून राहतो, खाचा उघड्या राहतात. क्रॉसप्लायचा तळ मुरडतो. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय लावले, की पुढची बाजू वळणाला चिकटून राहते आणि मागची सोडून देते. चारही एकाच जातीचे आणि एकाच वयाचे असावेत, यात तडजोड नको.

येथे अस्सलपणाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मी हलका मानत नाही. १९६०च्या दशकातल्या गाडीवर त्या काळचा उंच बाजूंचा क्रॉसप्लाय शोभतो. त्याचा स्वभावही काही बाबतींत भला आहे: तो आधी कुरकुरतो, सरकू लागतो, चालकाला सूचना देतो. जुन्या घडणीचे पण नव्याने बनवलेले क्रॉसप्लाय कोणी लावत असेल, हळू चालवत असेल, तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘गाडीबरोबर कारखान्यातून आलेला टायर’ अभिमानाने रस्त्यावर फिरवण्याला. टायर हा गाडीचा वारसा नव्हे. तो इंजिन ऑइलसारखा, वायपरच्या रबरासारखा संपणारा भाग आहे, आणि गाडी बनवणाऱ्यांनी तो तसाच मानला होता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे जे नियम काढले, त्यांतही मोठ्या फेरफारांची हरकत चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याबाबत आहे. आणि रेडियल म्हणजे काही आजची लहर नाही. मिशेलिनने आपला पहिला रेडियल १९४९ साली बाजारात आणला, फियाट डिलाइटच्या पंधरा वर्षे आधी. त्या गाडीच्या काळाशी तो विसंगत नाही. फक्त जुन्या रिमांवर तो ट्यूब घालूनच बसवावा, कारण ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा त्या रिमांना नसतो. ट्यूबही नवी घ्यावी, तीही रबराचीच असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. या गाड्यांना एबीएस नाही, एअरबॅग नाही, बहुतेक पद्मिनींना चारही चाकांना ड्रम ब्रेक. अशा गाड्या पावसात बाहेर काढूच नयेत, टायरची चर्चा कशाला? एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे झाले ते योग्यच झाले, आणि जुनी गाडी नव्या गाडीइतकी सुरक्षित कधीच होणार नाही हेही खरे. पण एबीएस नवी पकड निर्माण करत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. ज्या गाडीत ते नाही, तिला तर मूळ पकड जास्तच लागते. हिशेब करून पाहा. ताशी ६० वेगात घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे २० मीटरवर थांबते. गुणांक निम्मा झाला तर ४० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटरची भर. ओल्यात पुन्हा २० मीटरच्या आसपास थांबायचे असेल, तर वेग ४० ते ४२ वर आणावा लागतो. वेग कमी करणे हा उत्तम उपाय आहेच, आणि पाण्यातून गेल्यावर ड्रमचे लायनर सुकावेत म्हणून ब्रेक हलका दाबून चालवणे हीही जुन्या चालकांची रास्त सवय. पण चालकाचे कौशल्य रबराला मऊ करू शकत नाही. आणि ‘बाहेर काढूच नका’ हे सांगणे महाराष्ट्रात कितपत व्यवहार्य आहे? कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पाऊस असतो, ऑक्टोबरातही तो परततो, आणि दुपारी कोरड्यात निघालेली गाडी संध्याकाळी खंडाळ्यात धुक्यात भिजते.

शिवाय हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तालुक्याच्या गावांत डॉक्टर, शिक्षक, दुकानदार यांच्या दारांत ती अजून उभी आहे आणि रोज चालतेही. तिच्या मालकाला टायरचा खर्च जाणवतो. म्हणून तो नक्षी गोटा होईपर्यंत थांबतो, किंवा जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला रिमोल्ड टायर घेतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण बारा-चौदा इंची टायर बाजारातल्या सर्वांत स्वस्त मोटार-टायरांमध्ये मोडतात. गाडी पूर्ण रंगवायच्या खर्चाहून चार टायर कमी पैशांत येतात, आणि तरी आधी रंगवली जाते गाडीच. इथे व्यवस्थेने हात द्यायला हवा. पीयूसीसाठी गाडीचा धूर वारंवार मोजला जातो, तिथे टायरकडे कोणी बघत नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पण टायरबद्दल कायद्याची भाषा नक्षीची आहे: खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. वयाचा उल्लेख नाही. ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी केली आहे. आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणात टायरची तारीख नोंदवून घेतली आणि दहा वर्षांची मर्यादा घातली, तर त्याला नवे यंत्र लागत नाही, नवे कार्यालय लागत नाही, आकडे वाचता येणारा माणूस पुरतो. जुन्या गाड्यांच्या रॅली भरवणाऱ्या क्लबांनी तर सरकारची वाट पाहायलाही नको. दहा ही कमाल मर्यादा झाली. आपले ऊन पाहता पावसात चालणाऱ्या गाडीला सहा-सात वर्षांनंतर नवे टायर घालावेत, असे मी म्हणेन.

आणि तपासणी डिकीत संपली पाहिजे. ज्याला आपण स्टेपनी म्हणतो, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कारखानदारांनी जादा चाक विकायला काढले तेव्हापासून. बहुतेक जुन्या गाड्यांत सर्वांत जुना टायर तोच असतो. चार टायर दोनदा-तीनदा बदलले गेले, तरी तो तसाच राहतो, कारण तो झिजलेलाच नसतो. भर पावसात, रात्री, रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेले चाक काढून नेमका तो लावला जातो आणि गाडी पुन्हा घाट चढू लागते. त्याचे आकडे बहुधा आतल्या बाजूला, तळाकडे आलेले असतात. ते वाचायला चाक बाहेर काढून उलटे करावे लागते, आणि मोबाइलचा दिवा लागतो.